मागच्या दाराचं ऑफिस

प्रिय शहाण्या,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नातही कुरकुरत होता आणि तरी मी नाचले होते. हातात फोन असताना ही म्हातारी इतक्या लांब नोकरीवर असलेल्या लेकाला पत्र कशाला लिहीत बसली, असं तुझ्या मनात येणारच. त्याचं असं आहे, की आपल्या घराच्या भिंती पातळ आणि माझा आवाज जाड. मी फोनवर बोलायला लागले की शेजारणीला सगळं पाठ होतं, मग तुझ्या बायकोच्या कानावर जाणार नाही का? आणि मेसेजचं म्हणशील, तर मागच्या वेळी तुझा मेसेज मी गॅसवाल्याला पाठवला होता. ‘जेवलास का राजा’ असा. त्या बिचाऱ्यानं ‘हो काकू’ असं उत्तर दिलं. तेव्हापासून सिलेंडर वेळेवर येतो हे खरं, पण तेवढ्यासाठी रोज रोज त्याची चौकशी करायला नको.

तर तू मला एक काम दिलं होतंस. आई, ती तुझं ऐकते, तिला समजाव, परत नोकरीवर जा म्हणावं, इतक्या वर्षांची पक्की नोकरी असं कोणी सोडतं का, वगैरे वगैरे. मी हो म्हटलं होतं. तुझी आई हो म्हणते तेव्हा ती नेमकं कशाला हो म्हणते, हे या वयात तरी तुला कळायला हवं होतं. असो. त्या कामाचं पुढे काय झालं ते सगळं सांगते. बाईसाहेब आत्ता घरात नाहीत, लाँड्रीत जाऊन बसल्यात. कपडे धुवायला नाही, ते पुढे येईल. दुपारची वेळ आहे, ओटा आवरलाय, चहा शेजारी आहे, आणि तुला मधे बोलता येणार नाही. पत्राचं मला हेच आवडतं.

तिनं तुला काय सांगितलं ते मला माहीत आहे. एकाच ठिकाणी फार वर्षं झाली, आता स्वतःचं काहीतरी करून बघते. खोटं नाही ते, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मला भाजी निवडताना मिळालं. आमच्या गावच्या शाळेत एका खोलीत चार इयत्ता बसायच्या. मास्तर या भिंतीला गणित शिकवायचे आणि त्या भिंतीला कविता. त्यामुळे मला दोन्ही अर्धंच आलं, पण पलीकडे काय चाललंय तिकडे कान ठेवायची सवय लागली, ती पक्की आली. तर ऐक. ती लग्नाआधीपासून त्या पंख्यांच्या कंपनीत. जाहिरातीत काय लिहायचं, दुकानदाराला काय सांगायचं, गिऱ्हाइकाला पंखा कसा गळ्यात मारायचा, सगळं तिच्याकडे. आपल्या घरात खोली तिथे त्यांचा पंखा. बाथरूममध्येही एक लावू का, असं मी एकदा विचारलं तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती. इतका जीव त्या पंख्यांवर. मग त्यांनी नवा पंखा काढला, आणि तो घरघरायला लागला. घरघर म्हणजे अशी, की खाली बसलेल्या माणसाला वाटावं डोक्यावर गिरणी चालू आहे. हिनं मीटिंगमध्ये सांगितलं, आधी आवाज घालवा, मग मी जाहिरात करते. तर तिचा तो नवा साहेब म्हणाला, त्याला वेळ नाही, तुम्ही असं लिहा की जोरदार आवाज म्हणजेच जोरदार वारा. सगळे हसले. हिला वाटलं साहेबानं विनोद केला. विनोद नव्हता. थोड्या दिवसांत तो बोर्ड चौकात लागला, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला, आणि ही रोज त्याच्याखालून बसनं ऑफिसला. मला म्हणाली, आई, चौक आला की मी मान खाली घालते. आणि मग एके दिवशी राजीनामा देऊन आली आणि आल्या आल्या जेवायला बसली ती उठेचना. नोकरी सोडून आलेलं माणूस इतकं पोटभर जेवताना मी पहिल्यांदा बघितलं.

आता तिचं ऑफिस. मागची खोली, जिथे तुझी मोडकी सायकल आणि माझं शिलाई मशीन होतं, ती तिनं रिकामी केली. सायकल विकली, तुला सांगितलेलं नाही, आता कळलं. एक टेबल आणलं, एक खुर्ची स्वतःला आणि दोन येणाऱ्यांना. पहिल्या दिवशी सकाळी बघते तर बाई नेहमीसारखी तयार. कडक इस्त्रीचे कपडे, खांद्याला बॅग, हातात डबा. म्हणाली, येते हं आई. मी म्हटलं कुठे? म्हणाली, ऑफिसला. आणि पुढच्या दारानं बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली, मागच्या गल्लीतून फिरून आली आणि मागचं फाटक उघडून त्या खोलीत शिरली. स्वयंपाकघरातून दोन ढांगांवर असलेल्या खोलीत जायला ही सगळ्या वस्तीला वळसा घालून आली. मला वाटलं, नोकरी गेल्याचा डोक्यावर परिणाम झाला. तर मला समजावलं, घरातल्या घरात गेले ना आई, की माझं डोकं घरातच राहतं, कुकरची शिट्टी मोजत बसते. बाहेरून आत आले की कामावर आल्यासारखं वाटतं. आणि मधल्या दाराला तिच्या बाजूनं कडी.

मी ऐकते थोडीच. रोज दुपारी ते मधलं दार वाजवायचं आणि विचारायचं, मॅडम, चहा आणू की अजून मीटिंग चालू आहे? शेजारीण कितीतरी दिवस समजत होती की ही अजून पंख्यांच्याच कंपनीत जाते. म्हणाली, तुमची सून हल्ली उशिरा निघते. मी म्हटलं, हो, बढती झाली, ऑफिस जवळ आलं. आणि हिनं काढलेली मार्केटिंग कन्सल्टन्सी म्हणजे काय, हे मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. ज्यांच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, त्यांनी हिच्याकडे गिऱ्हाईक म्हणून यायचं. आणि हिच्याकडेही गिऱ्हाईक येत नव्हतं. हे मी तिला बोलून दाखवलं. ती हसली, पण चहाचा कप तसाच ठेवून आत गेली. त्या दिवसापासून मी ती चेष्टा बंद केली. माझ्यासारखीनं एक चेष्टा बंद केली, म्हणजे काय ते समजून घे.

मग लाँड्रीवाला आला. मोठ्या रस्त्यावर त्याची लाँड्री आहे, वडिलांच्या वेळेपासूनची, आणि ती बसत चालली होती. गोल चेहरा, भेदरलेले डोळे, पण शर्ट असा पांढरा की बघणाऱ्याला आपला मळका वाटावा. मी भांडी घासत होते, तशीच उठून पुढचं दार उघडलं. मार्केटिंगच्या मॅडमचं ऑफिस इथेच का, म्हणाला. तिनं मला बजावून ठेवलं होतं, कोणी आलं तर मागून यायला सांगायचं. एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, पहिलंच गिऱ्हाईक, आणि बिचारीच्या ऑफिसात दार उघडायला एक माणूस नाही. शोभत नाही. म्हणून त्याला मागच्या गल्लीचा रस्ता जरा सावकाश समजावला, आणि तो वळतो न वळतो तोच मोरीच्या दारानं पळत मागच्या फाटकावर. जाता जाता चष्मा काढून ठेवला, आणि खुंटीवर तिच्या जुन्या ऑफिसची गळ्यात अडकवायची निळी पट्टी होती, ती घातली. तो आला. मी म्हटलं, या, मॅडम आत आहेत, वेळ घेतली होती का? तो बघतच राहिला. मघाशी पुढच्या दाराला तुम्हीच होतात ना, म्हणाला. मी म्हटलं, ती माझी बहीण. त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत साबणाचा फेस. म्हणाला, बहिणीच्या हातालाही फेस होता. मी म्हटलं, आमच्याकडे स्वच्छतेला फार महत्त्व आहे. आता लाँड्रीवाल्यासमोर मी दुसरं काय बोलणार होते?

तुझी बायको खिडकीतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, माझ्या गळ्यातली पट्टी काढून हातात घेतली आणि त्याला सरळ सांगितलं, या माझ्या सासूबाई. मागचं आणि पुढचं हे एकच घर आहे. माझ्याकडे नोकरमाणसं नाहीत, मी एकटीच काम करते. तो बसला, चहा प्यायला, विचार करून सांगतो म्हणून निघून गेला. तो गेल्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द परत दिले असते. पण ती अगदी हळू बोलली. “तिथेही तेच आणि इथेही तेच? मग मी तिथून निघाले कशाला, आई?” मी जाऊन उरलेली भांडी घासली.

लाँड्रीवाला काही परत फिरकला नाही. आणि नेमका तेव्हाच जुन्या कंपनीचा फोन. तो नवा साहेब नाही, त्याच्यावरचे मोठे साहेब. परत या म्हणाले, आधीपेक्षा वरची जागा, स्वतःची केबिन, दोन-तीन महिन्यांत काय ते कळवा. तिनं तुला सांगितलं, आणि तिथून तुझे मला फोन सुरू झाले. आधी आठवड्यातून एकदा करायचास, तो दिवसातून दोनदा करायला लागलास. बरं, मी कशी आहे, गुडघा कसा आहे, काही नाही. ती काय म्हणतेय, कळवलं का, कधी जाणार. इतका चिडून बोलायचास की मला कळेना, नोकरी तिनं सोडलीय की तू. आणि तिला तू म्हणालास की हौस फिटली असेल तर आता भानावर ये. हे तिनं मला आपणहून सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर ती ओट्याचा एकच कोपरा कितीतरी वेळ पुसत होती, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. राग आला मला तुझा. लगेच फोन करणार होते. पण तुझा आवाज आठवला, आणि काहीतरी खटकलं, म्हणून थांबले.

खरं सांगू? मलाही तेव्हा वाटलं, जाऊ दे तिला परत. केबिन मिळेल, डोक्यावर पंखा मिळेल, घरघरत का होईना. मी तिला तसं तोंडानं म्हटलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, आई, माझा बसचा पास कुठे बघितलात का? म्हटलं नाही बाई, कुठे हरवला कोण जाणे. तो माझ्या उशीखाली होता. आता मी तो तिथे कधी ठेवला आणि कशाला ठेवला, ते मला विचारू नकोस. हात कधी कधी तोंडाचं ऐकत नाहीत.

आणि मग एका सकाळी रस्त्यातून हाक आली, काकू, कोणत्या दारानं येऊ? लाँड्रीवाला! मी म्हटलं, दोन्ही बहिणी घरीच आहेत, कुठूनही या. तो मागूनच गेला, मीही मधल्या दाराला कान लावला. मधल्या काळात तो एका मोठ्या जाहिरात कंपनीच्या ऑफिसात जाऊन आला होता. लांबच लांब टेबल, भोवती माणसंच माणसं, भिंतीवर चित्र दाखवलं म्हणे, एक बाई शर्टाला मिठी मारून हसतेय. पण तुमचं दुकान कुठल्या कोपऱ्यावर आहे, हे एकानंही विचारलं नाही. तिला म्हणाला, मॅडम, त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असता तरी चाललं असतं, मी तसाही अर्धा फसलो होतो. तुम्ही स्वतःच्या सासूबाईंचं खरं सांगितलंत, म्हणजे माझ्या दुकानाचंही खरंच सांगाल. अर्धा फसला होता म्हणे. म्हणजे माझं नाटक अगदीच वाईट नव्हतं.

ती काम कसं करते ते तुला ठाऊक नसेल, मलाही नव्हतं. मला वाटायचं टेबलाशी बसून डोकं खाजवत असेल. तर ही सकाळी उठून लाँड्रीसमोर स्टूल टाकून बसली ती संध्याकाळपर्यंत. मी डबा घेऊन गेले तर मला बाजूला सरकवलं, म्हणे मधे उभ्या राहू नका, आई, मला दिसत नाही. आत जाणाऱ्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. न जाणाऱ्यांकडे होतं. सकाळी कामावर निघालेले लोक हातात कपड्यांची पिशवी घेऊन यायचे, शटर बंद बघून पिशवी परत घेऊन बस पकडायचे. संध्याकाळी परत यायचे तर शटर पुन्हा बंद. वडील ज्या वेळेला दुकान उघडायचे आणि बंद करायचे, त्याच वेळेला हाही. ती म्हणाली, बोर्ड नको, जाहिरात नको, पत्रकं नकोत, पहिल्या बसच्या आधी शटर वर करा. त्याला घाम फुटला. म्हणाला, मग यात मार्केटिंग कुठे आहे? ती म्हणाली, हेच. कंपनीत असताना तिला असं कधी म्हणताच आलं नव्हतं, दरवर्षी जाहिरात ही व्हायचीच, गरज असो वा नसो. आता तो पहाटेचा उठून, जांभया देत का होईना, दुकान उघडतो आणि त्याच्या काउंटरवर पिशव्यांचा ढीग असतो. दुसरं दुकान काढायचं म्हणतोय, त्याचीच जागा बघायला ती आज तिकडे गेलीय. त्यानं त्याच्या मेव्हण्याला पाठवलं, त्याचं लाकडी सामानाचं दुकान आहे. मेव्हण्याच्या ओळखीनं दातांची डॉक्टर आली. तिची तक्रार अशी की लोक एकदा येतात आणि परत येत नाहीत. मी म्हटलं, दात काढल्यावर कशाला येतील? मला बाहेर काढण्यात आलं. पण तेही काम मिळालं. सकाळी ती अजून वळसा घालूनच जाते, फक्त आता पाय जरा झपाझप पडतात.

आणि परवा मोठ्या साहेबांचा फोन आला. तिचे हात ओले होते म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. मी तिथून हलले नाही, मला कोणी हल म्हणालंही नाही. ते खूप गोड बोलले, खूप वेळ बोलले. तुमच्याशिवाय चालत नाही, तुमची खुर्ची तशीच ठेवलीय. ती सगळं ऐकून घेत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तोंडावरून काही कळेना. शेवटी ती म्हणाली, “साहेब, नोकरीला मी येत नाही. पंख्याचं काम असेल तर तुम्ही गिऱ्हाईक म्हणून या. मी आधी तुमच्या दुकानांत जाऊन बसेन आणि जे दिसेल ते सांगेन. ते ऐकायची तयारी असेल तरच या.” मग साहेबांनी हळूच विचारलं, कुठे यायचं? तिनं पत्ता सांगितला, मागच्या गल्लीतून, हिरवं फाटक. अजून ते आलेले नाहीत. येतील, नाही येतील. पण फोन ठेवल्यावर ती तिथेच खाली फरशीवर बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग एकदम मला म्हणाली, “आई, आता त्याला कसं सांगू?”

त्याला म्हणजे तुला. तर तू दिलेलं काम मी केलेलं नाही, हे तुला आतापर्यंत कळलंच असेल. पण हे सांगायला मी एवढी पानं भरलेली नाहीत. रविवारी ती तुला फोन करणार आहे. तिला वाटतं तू संतापशील, कारण तुझा तिच्या धंद्यावर भरवसा नाही. मला तसं वाटत नाही. मागच्या सुट्टीत आलास तेव्हा आधी दिवसचे दिवस झोपून काढलेस. मग उठून घरातली सगळी दारं दुरुस्त करत सुटलास, वाजणारी आणि न वाजणारीसुद्धा. आणि जायच्या दिवशी भरलेल्या बॅगेशेजारी स्टुलावर बसून राहिलास, टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता तरी. मी विचारलं, तर म्हणालास, काही नाही. हे ‘काही नाही’ मला चांगलं ओळखीचं आहे. तुझे बाबा जन्मभर तेच म्हणत राहिले, आणि मी एवढी बडबडी बाई, पण त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुला विचारते. तुला तिकडची नोकरी नकोशी झालीय ना, राजा? तू मनाशी ठरवलं होतंस की तिचा पगार चालू आहे तोवर आपण सुटायचं आणि घरी यायचं, आणि तेवढ्यात तिनंच आधी सोडली. म्हणून तो राग. मी तिला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही, ते तुझं तू सांग. रविवारी आधी तिचं सगळं ऐकून घे, मनापासून शाबासकी दे, आणि मग म्हण, मलाही परत यायचंय. ती घाबरेल असं तुला वाटतं. जिनं आपल्या साहेबाला गिऱ्हाईक व्हायला सांगितलं, ती तुला घाबरेल होय? लगेच काही होणार नाही. दोघं बसून ठरवाल, थोडी ओढाताण होईल, थोडे दिवस जपून राहू. घर चालवायची तिची पाळी आली तर ती चालवेल, मी जवळून बघतेय. आणि तू इथे आल्यावर काय करशील ते आधीच ठरलेलं नसलं तरी चालेल, तेही ती कुठेतरी स्टूल टाकून शोधून काढेल. रविवारी तुमचं बोलणं चालू असताना मी बागेत फिरायला जाणार आहे. मी घरात नाही आणि मधे बोलत नाही, अशी वेळ तुम्हा दोघांना परत मिळायची नाही. तेव्हा ‘काही नाही’ म्हणू नकोस.

तुझीच,
या भांडणात सुनेच्या बाजूनं असलेली,
आई